मधल्या दाराचा कूड

“दार बुजवायचं. पण वीट लावायची नाय,” दामूदादा म्हणाले.

मी टेप धरून उभा राहिलो. मुरबाड-टोकावडे रस्त्यावरच्या एका गावात दामूदादांच्या घराचा अर्धा भाग प्रसूतिकेंद्राला भाड्याने घेतलेला होता. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत ओव्हरसियरसाहेबांच्या हाताखाली कामांवर देखरेख करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोणी मोठ्याने बोललं की आपलंच काही चुकलं असं मला वाटायचं.

अडचण अशी होती. नर्सबाईंच्या खोलीतून दामूदादांच्या देवघरात एक दार उघडायचं. ते कोणी वापरत नव्हतं, कायम कुलूप असायचं. पण घरात बाळ जन्मलं की सोयर, म्हणजे काही दिवस देवपूजा बंद. दामूदादांचं म्हणणं, मधे दार आहे तोवर घर एकच. इथे सारखी बाळंतपणं होऊ लागली तर देवाला दिवा कधी लागायचा? दार बुजवा, नाहीतर खोली खाली करा. गावात दुसरी खोली मिळण्यासारखी नव्हती, आणि नर्सबाईंकडे नाव घातलेल्या ठमीचे दिवस भरत आले होते.

“मग वीट का नको, दादा?”

“अरे, तो भाग धाकट्या भावाचा. तो कसाऱ्याला रेल्वेत हाय. मधे वीट चढली की गाव म्हणंल, दामूनं वाटणी केली. त्याला काय तोंड दाखवू?”

साहेबांनी फळ्या ठोकायला सांगितलं. दामूदादांनी ऐकूनच मान हलवली. “फळ्या ठोकल्या तरी ते दारच की हो, सायेब.”

साहेब वैतागून आटगावच्या कामावर निघून गेले. मला एक गोष्ट सुचत होती, पण बोलायला जीभ रेटेना. आमच्या वाडीतली घरं कुडाची. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्हीकडून शेणमातीने लिंपलेली भिंत. हलकी असते आणि नको झाली की काढता येते. शेवटी बोललो.

“वाडीवरचा कूड, माझ्या कौलारू घरात?” दामूदादा हसले. “कालेजात ह्येच शिकवतात काय रे?”

“नाही. हे बाबांनी शिकवलं.”

ते चौकटीकडे वळले. “भाऊ आला तर निघंल?”

“चौकटीला खिळासुद्धा मारणार नाही.”

“मग कर.”

दार बिजागरीतून उतरवून ठेवलं आणि चौकटीच्या आत लाकडी सांगाडा घट्ट बसवला. दोन्ही बाजूंना कारवी बांधली. मधल्या पोकळीत पेंढा भरला, पलीकडे आवाज जाऊ नये म्हणून. वरून लिंपण. दामूदादांनी स्वतः हात फिरवून पाहिला आणि चहा पाजला.

लिंपण सुकलं आणि चौकटीच्या कडेने चारी बाजूंना फट पडली. ओली माती सुकताना आकसते, आणि जुन्या लाकडाला धरत नाही. देवघरात उन्हाची रेघ पडली होती. “उजेड येतो तिथनं सोयर पण यील,” दामूदादा म्हणाले. मी फटीत पुन्हा माती दाबली. सुकल्यावर पुन्हा फट. तोवर ठमीला तिच्या आईने आणूनही ठेवलं.

नर्सबाई माझ्याकडे पाहत होत्या. “अरे, नुसतं मलम थापून काय होतंय? पट्टी बांध.”

“मग द्या ना तुमची पट्टी, बाई.”

“ती सरकारी आहे. पोतं फाड!”

पोत्याच्या पट्ट्या पातळ चिखलात भिजवल्या. अर्धी पट्टी चौकटीवर, अर्धी कुडावर, अशा सगळ्या कडेने चिकटवल्या आणि वरून लिंपलं. सुकल्यावर दामूदादा देवघरात बराच वेळ डोळे बारीक करून उभे राहिले. “नाय दिसत काय,” म्हणाले. खोली राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी बाळंत झाली. पलीकडे पूजेची घंटा वाजत होती. ती थांबली, आणि दामूदादा अंगणातून वळसा घालून केंद्राच्या ओट्याशी आले.

“पोरगा का पोरगी गो बाई?”

“पोरगी. तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं कसं म्हंजे? आरतीपेक्षा तिचाच आवाज मोठा!”

ते हसत होते, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. त्या कामातून मी दोन गोष्टी शिकलो. नव्या-जुन्याच्या सांध्यावर पट्टी पहिल्याच दिवशी लावावी. आणि पेंढा आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जास्त लागतो.