निवडलेली सुकट

मी समुद्र पाहिला फार उशिरा, पण त्याचा वास मला कळायला लागल्यापासून ओळखीचा होता. माझी आई तिसगावच्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील विकते. आमच्या पाथर्डीच्या बाजूला, जिथे बोअरला पाणी लागलं तर पेढे वाटतात, समुद्र यायचा तो नगरच्या व्यापाऱ्याकडून, गोणपाटात शिवून. त्या गोण्या आमच्या एका खोलीच्या घरात माझ्या दप्तराशेजारी उभ्या असत.

लोक असल्या आठवणी मोठ्या कौतुकाने सांगतात. मला कौतुक नाही. मला त्या वासाची शिसारी होती. तो गणवेशात मुरायचा, वेणीत बसायचा, पावसाळ्यात तर वहीच्या पानांनाही यायचा. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी काही न बोलता अंग चोरून कडेला सरकायची, आणि मला तिचा राग येण्याऐवजी आईचा यायचा. नाताळला चर्चमध्ये जाताना मी नवा फ्रॉक शेजारच्या घरी जाऊन घालायचे.

आई मात्र आपल्या मालाबद्दल भारी तोऱ्यात असायची. बाजाराच्या आदल्या दिवशी ती अंगणात सूप घेऊन बसायची आणि गोणीतली सुकट मूठमूठ करून निवडायची. सुकट म्हणजे वाळवलेला बारीक जवळा, पण गोणीत नुसता जवळा कधीच नसतो. त्यात खेकड्यांची पिल्लं असतात, जाळ्याचे निळे-हिरवे धागे असतात, नखाएवढे चपटे मासे असतात. आई त्या सगळ्याला सरसकट ‘घाण’ म्हणायची आणि वेचून बाजूला काढायची. बाजारात दुसरेही विकणारे होते, ते गोणी तशीच ओतायचे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, तेव्हा बाया महिनोन्‌महिने टिकेल असं भाकरीबरोबरचं कोरड्यास म्हणून सुकट बांधून न्यायच्या, आणि त्या आईकडेच यायच्या. तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत चुलीपुढे कोण निवडत बसणार? आईचा सगळा मान त्या सुपात होता. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्यात मान देण्यासारखं काय, हे कळत नव्हतं.

नगरला बी.एस्सी. झाल्यावर मी समुद्रकाठच्या एका विद्यापीठात सागरी संवर्धन शिकायला गेले. भावकीत त्याची टिंगल झाली. आईने सुकट विकायची आणि पोरीने मासे मोजायला जायचं, असं एक चुलते म्हणाले. मला वाटलं होतं, वासापासून सुटका होईल. समुद्र निळा असेल, प्रयोगशाळेत पांढरे कोट असतील. वसतिगृहात आई काय करते असं विचारलं, तेव्हा मी ‘व्यापार’ म्हणाले आणि विषय बदलला.

पहिल्याच महिन्यात आम्हाला पहाटे बंदरावर नेलं. बोटी लागल्या, चांगला माल टोपल्यांतून लिलावाला गेला, आणि मग फावड्याने उरलेलं ओढलं. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात आलेली पिल्लं. बांगड्याची, पापलेटची, कशाकशाची, चेंदामेंदा होऊन गुडघाभर ढिगात पडलेली. एकानेही जन्मात एकदाही अंडी घातली नसणार. तो ढीग कोंबड्यांच्या खाद्यासाठी ट्रकमध्ये भरत होते आणि ट्रकमधून काळं पाणी गळत होतं. मी बोटीच्या दोराला धरून ओकले. सोबतच्या मुलांना वाटलं, वासाने. वास तर मला माहेरचा होता. मला ओकारी आली ती त्या बेफिकिरीने.

त्याहून जास्त किळस पुढे आली. वर्षअखेरीच्या परिषदेत दिवसभर पिल्लं वाचवण्यावर भाषणं झाली, आणि जेवणात बशीत मावेल एवढं अख्खं पापलेट. संवर्धनवाले विद्वान काटे चोखत होते आणि छोट्या पापलेटची चव मोठ्याला नाही, असं एकमेकांना सांगत होते. मी ताट तसंच ठेवलं. पण उठून कोणाला काही बोलले नाही, हेही सांगायला हवं.

एम.एस्सी. संपताना संशोधनाचा विषय निघाला. बारीक जाळ्यांतली पिल्लं किनाऱ्यावर लोकांनी मोजली होती, पण सुकटीबरोबर वाळून ती घाटावर किती जातात, हे आमच्या विभागात कोणी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, की तिसगावच्या बाजारात माझ्या ओळखीचं दुकान आहे. ‘दुकान’ म्हणाले मी, पोतं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांचे डोळे चमकले. त्यांनी मला प्रकल्पात सहायक म्हणून घेतलं आणि याच कामावर पुढे पीएच.डी. होईल असं सांगितलं. माझ्यासारखीला याहून मोठी गोष्ट घडणार नव्हती.

खरं तर मी दर बाजाराला स्वतः जाऊन, गोणी फोडल्याबरोबर नमुना काढायला हवा होता. पण त्यासाठी आईशेजारी पोत्यावर बसावं लागलं असतं, माश्यांत, ओळखीपाळखीच्या देखत. मी आईला फोन केला. प्रत्येक नव्या गोणीतली एक पिशवी भरून पाठव, आमच्या सरांपुढं जाणार आहे, असं सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं मला वाटलं. बाजार सांभाळून ती दर वेळी पाथर्डीला जाऊन पिशवी पार्सल करायची, आणि मी हातमोजे घालून ती उघडायचे.

पिशव्यांत जवळा होता. नुसता जवळा. क्वचित एखादी शेपटी. मी डोळ्यांनी बंदरावरचा ढीग पाहिला होता, लहानपणभर आईचं सूप पाहिलं होतं, आणि तरी मला शंका आली नाही. उलट मी दोन पानं सिद्धांत लिहिला, की वाळवताना पिल्लं चुरून जात असावीत, किंवा घाटावरचा माल वेगळ्या बोटींचा असावा. सर खूश झाले. सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं की संशोधकाला आनंद होतो. मी ते एका सभेत मांडलं, टाळ्या पडल्या, आणि साडीला खोचलेलं नावाचं कार्ड मी दोन दिवस काढलं नाही.

नाताळच्या सुट्टीत घरी आले. आई अंगणात करंज्यांसाठी खोबरं वाळवत होती. पलीकडे कोंबड्या एका परातीवर तुटून पडल्या होत्या. मी सहज वाकून पाहिलं. परातीत पापलेटची पिल्लं होती, नखाएवढी, कागदासारखी वाळलेली. खेकडे होते. माकुलाची, म्हणजे स्क्विडची, पिल्लं होती. एक समुद्रघोडाही होता, अर्धा कोंबडीच्या चोचीत. बाजूला त्याचंच भरलेलं एक डालड्याचं पिंप उभं होतं.

आईला विचारलं, हे कुठलं. ती म्हणाली, तुझ्याच पिशव्यांतलं.

“सरांपुढं जायचं म्हनलीस, मंग घान तशीच देऊ व्हय? इकायच्या मालापेक्षा लई बारीक निवडलं. दोनदा उन्हात घातलं, तुला वास येऊ नये म्हून.”

ती हे अभिमानाने सांगत होती. मी तिथेच ओट्यावर बसले. तिचा राग यायला जागा नव्हती. ज्या वासाला मी आयुष्यभर नाक मुरडलं, तो माझ्यापासून दूर ठेवायला तिने रात्रंदिवस डोळे फोडले होते, आणि माझं संशोधन त्यातच वाहून गेलं होतं. मला माझीच किळस आली.

सरांना फोन केला. ते म्हणाले, आता सांगतेस? सभेत मांडलेलं परत घेणं त्यांना जिवावर आलं. शेवटी त्यांनीच ठरवलं, उन्हाळ्यापर्यंत नव्याने नमुने घ्यायचे, न निवडलेले, आणि या वेळी मी जातीने तिथे बसायचं. जुनं आपोआप विसरलं जाईल, म्हणाले.

आईला मात्र हे पटेना. मी तिला पहिल्यांदा सगळं नीट समजावलं. पिल्लं मेली की समुद्र रिकामा कसा होतो, ती घाण हीच माझी कामाची वस्तू कशी आहे. तिला ते चटकन कळलं. पूर्वी गोणीत निम्मीही घाण नसायची, हल्ली निवडता निवडता बोटं दुखतात, हे तिनेच मला सांगितलं. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

“पन छापून येनार माझ्या गोनीत घान हाय म्हून. तिसगावात कोन यील मंग माझ्याकडं?”

मी म्हणाले, नाव येणार नाही. ती म्हणाली, गाव येतं ना? बाजार येतो ना? इथं निवडून इकनारी मी एकलीच हाय, लोकं वळखत्याल. बराच वेळ विचार करून तिने एक अट घातली. गोणीत घाण येते ते खुशाल लिहावं, पण ती निवडून काढूनच इथे विकतात, हेही त्याच कागदावर लिहावं. मी शब्द दिला. अट इतकी साधी आणि खरी होती, की शब्द देताना मला काही जड गेलं नाही.

मग उन्हाळ्यापर्यंत मी बाजारात बसले. गोणी फुटली की आई माझी पिशवी आधी भरून द्यायची आणि उरलेलं सुपात घ्यायची. मी चिमट्याने वेचायचे, ती बोटांनी. माझ्या चिमट्यातून जे सुटायचं ते ती न बघता हुडकून पुढ्यात टाकायची. माश्या तोंडावर बसायच्या. शाळेतल्या एक बाई भेटल्या, चौकशी करता करता पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आईचा नाही, त्या पदराचा राग आला. सुकटीत जे निघालं ते भयंकर होतं. बंदरावरचा ढीगच वाळून आमच्या डोंगराला आला होता. एका दुपारी लेखात फोटो हवा म्हणून मी दुकानाचा फोटो काढला. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला होता.

लेख लिहिला. पद्धतीच्या परिच्छेदात मी आईचं वाक्य घातलं, की हा नमुना निवडण्यापूर्वीचा आहे, विक्रेती हाताने निवडल्यावरच माल विकते, आणि गिऱ्हाइकाला यातलं काही मिळत नाही.

सरांकडून लेख परत आला, तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती. शेजारी ‘अनावश्यक’. खाली त्यांनी समजावलं होतं, की या वाक्याने निष्कर्षाची धार जाते, वाचणाऱ्याला वाटेल मग चिंता कसली. आणि फोटोखाली माझ्या ओळीच्या जागी नवी ओळ होती, ‘अस्वच्छ परिस्थितीतील स्थानिक विक्री’. पदर सारखा केलेली माझी आई, आणि खाली ते.

मी सरांच्या खोलीत गेले. तोंडात वाक्य तयार होतं. सर फोनवर होते, त्यांनी बोटाने बसायची खूण केली. टेबलावर पीएच.डी.च्या प्रवेशासाठीचं माझं शिफारसपत्र होतं, अजून सही न झालेलं. फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, दुरुस्त्या पाहिल्यास ना, काही अडचण? मी म्हणाले, नाही सर. त्यांनी पत्रावर सही केली. त्यांनी मला धमकावलं नव्हतं. ते पत्र तिथे मुद्दाम ठेवलं होतं, असंही मी म्हणणार नाही. त्या परिषदेतल्या काटे चोखणाऱ्यांवर मी किती थुंकले होते मनात. माझी किंमत त्यांच्याहून जास्त नव्हती, एवढं त्या खुर्चीत समजलं.

लेख छापून आला. मी छापील प्रत घेऊन गावी गेले, कारण आईने फोनवर चारदा विचारलं होतं. ती बाजारात होती, म्हणून तिथेच गेले. तिने हात लुगड्याला पुसले, कागद लांब धरून फोटो पाहिला आणि खुलली. फोटोखाली काय लिहिलंय ते इंग्रजीत होतं. समोर टोळीवरच्या दोन बाया सुकट घ्यायला थांबल्या होत्या.

“लिव्हलंय का त्यात, मी निवडून इकते म्हून?”

“लिहिलंय.”

“मंग वाच की, मराठीत. ह्यांनाबी ऐकू दे.”

मी पानं उलटली. ज्या परिच्छेदात ते वाक्य नव्हतं, त्याच्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, की या बाजारात माल हाताने निवडूनच विकला जातो, आणि गिऱ्हाइकाला कचऱ्याचा कणही मिळत नाही. बायांनी मान डोलावली, एकीने एक माप जास्त घेतलं. आईने पुढच्या गिऱ्हाइकासाठी मला पुन्हा वाचायला लावलं, आणि त्याच्या पुढच्यासाठीही. तिन्ही वेळा मी तेच वाक्य वाचलं, एक शब्दही इकडचा तिकडे न होता.