मोरचुदाचं पाणी

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईला दिरांकडे झालं, आणि ते आठ दिवस परसातली माशांची टाकी माझ्यावर आली. बोटीवरची नोकरी संपल्यावर चिरे रचून ती त्यांनी स्वतः बांधलेली. आत तांबडे-पांढरे एकोणीस मासे. पण चैत्राच्या उन्हात पाणी इतकं हिरवं झालं होतं, की एकही दिसत नव्हता. परत आल्यावर त्यांना मासे नीट दिसावेत, एवढंच माझ्या मनात होतं.

फिल्टर परवडणारा नव्हता. पडवीत बुरशीसाठी सुपारीवर फवारायचं मोरचूद मात्र उरलं होतं. शेवाळ त्याने मरतं असं कुठेतरी ऐकलेलं. संध्याकाळी मूठभर बादलीत विरघळवलं आणि टाकीत ओतलं.

सकाळी शेवाळ करडं होऊन तळाला बसत होतं, पाणी निवळलं होतं, आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दोन आडवे झालेले. मी विहिरीचं पाणी पिंपात भरलं आणि ओढणीची झोळी करून एकेक मासा पिंपात सोडायला लागले. मासे निसटत होते.

तेवढ्यात मागे रहाट वाजला. सासरे एक दिवस आधीच आले होते आणि नेहमीसारखे थेट विहिरीवर गेले होते. मला एकदम दिसलं, विहीर टाकीपासून दहा पावलांवर, उताराला. मधला सगळा जांभा दगड, चाळणीसारखा.

"बाबा, ते पाणी पिऊ नका!"

तांब्या रिकामा झाला होता.

"काय झालं गो?"

मी सांगितलं. ते टाकीवर वाकले.

"किती घातलंस?"

"एक मूठ."

"तुझी मूठ की माझी?"

मला रडूच आलं. "टाकीला आतून गिलावा आहे," ते म्हणाले, "थेंब झिरपत नाही." मी तरी डॉक्टरांना फोन केला. उलटी झाली, पोटात दुखलं, तर लगेच आणा, म्हणाले. तो दिवस मी त्यांच्यासमोरून हलले नाही. जेवून ते आडवे झाले, तेव्हा मी छातीवरचा पंचा हलतोय का, ते बघत बसले. त्यांनी कूस बदलली तरी उठून जवळ जायचे.

संध्याकाळी ते उठले आणि कळशी घेऊन शेजाऱ्यांच्या विहिरीवर गेले. गिलाव्यावर त्यांचाही भरवसा नव्हता, हे तेव्हा मला कळलं आणि मी जास्तच घाबरले.

त्यांना काही झालं नाही. पाण्याचा नमुना तपासायला दिला, तो चांगला निघाला; पण निकाल येईपर्यंत आम्ही आमच्या विहिरीचा थेंब तोंडात घेतला नाही. बारा मासे मेले. टाकीतलं पाणी आम्ही दोघांनी बादल्यांनी उपसून लांब कातळावर नेऊन ओतलं.

आता टाकीवर अर्ध्या भागात माडाचे दोन झाप टाकलेत, त्यामुळे ऊन कमी लागतं. खाणं दिवसाआड घालतो, तेही चिमूटभर. जे शेवाळ धरतं, ते सासरे काठीला गुंडाळून काढतात. पैसा लागत नाही. पाणी थोडं हिरवट राहतं, राहू दे. मी मात्र उठल्याबरोबर काठावर जाऊन मासे मोजते. सात भरले की मग चहा ठेवते.