शंकासुराची साक्ष

एर्मीन गॉलपचे लाकडी घर तिच्या मालकीचे होते. त्याखालची जमीन मात्र मळ्याची. बार्बाडोसच्या ऊसपट्ट्यात ही व्यवस्था इतकी रुळली होती, की तिच्यातला अन्याय कुणाला वेगळा दिसतही नसे. मालकाने ऊठ म्हटले, की भिंती सुट्या करायच्या, गाडीवर चढवायच्या आणि दुसऱ्या मळ्यावर दगडांच्या थरावर पुन्हा उभ्या करायच्या. एर्मीन तेवीस वर्षांपूर्वी अशीच इथे आली आणि आल्या आल्या तिने दारापुढे शंकासुराच्या झुडपांची रांग पेरली.

पेरली, लावली नव्हे. या झुडपाचे बी टणक असते. ते दगडावर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे आणि कायमच्या जागीच टोचावे. कारण सोटमूळ सरळ खाली जाते आणि थोराड झुडूप हलवलेले सोसत नाही. पाणी पहिल्या वर्षापुरते पुरे, ऊन मात्र दिवसभर हवे. फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येते, म्हणून ती दरवर्षी कोयता घेऊन रांग गुडघाभर उंचीवर छाटत असे.

मग नवा कायदा आला. पाच वर्षे एका जागी राहिलेल्या भाडेकरूला ती जागा विकत घेता येणार होती. एर्मीनने अर्ज केला. मळ्याने उत्तर दिले, की हे घर इथे आणून तीनच वर्षे झाली आहेत. भाडे घेताना मळ्याने कधी चिठोरेही दिले नव्हते. शेजाऱ्यांची साक्ष, तेही अर्जदार असल्याने, ग्राह्य धरली गेली नाही. ‘पुरावा सादर करावा,’ असे बजावणाऱ्या सरकारी पत्राच्या माथ्यावर राजचिन्ह होते आणि त्यात शंकासुराचीच दोन फुले. ती पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी अधिकारी पाहणीला यायचा होता. रविवारी ती चर्चमधून परतली, तो दारापुढची सगळी रांग जमीनदोस्त. मळ्याचा मुकादम इनिस कोयता पुसत उभा होता.

“वाटेत येत होतं,” तो म्हणाला. “फुकट छाटून दिलं, बाई. आभार मानायचे सोडून डोळे काय वटारता?”

“प्रार्थनेला गेले होते मी. निदान वार तरी बघायचास!”

“वार बघूनच आलो की.”

शेजारची यूना झाडू घेऊन धावत आली. “अगं, कचरा तरी लोटून टाकते. उद्या साहेब येणार.”

“हात लावू नकोस, यूना. एक पान हलायचं नाही इथलं.” डोक्यावरची रविवारची टोपी काढायचेही एर्मीनला भान नव्हते.

दुसऱ्या दिवशी यरवूड नावाचा तरुण अधिकारी आला. इनिसने तोंड उघडण्यात पहिला नंबर लावला. “घर आणलं तेव्हाच झुडपंही आणली हिने, साहेब. डब्यांतून. तीन वर्षांमागं.”

एर्मीनने कुदळ त्याच्या पायाशी टाकली. “मग यातलं एक उपट आणि लाव तुझ्या अंगणात. जगलं, तर मी घर गाडीवर घालते. उपट आत्ता, या साहेबांसमोर!”

इनिस कुदळीपासून एक पाऊल मागे सरला. यरवूड खाली बसला. वरची पाने असती, तर ती बाजूला सारून तो कदाचित पुढे गेला असता. आता खोडाचा ताजा काप उघडा पडला होता. त्याने बुंध्याभोवती मूठ धरली. बोटे मिळेनात.

“आमच्या आईच्या दारात आहे हे,” तो म्हणाला. “माझ्या जन्मापासूनचं. तेही एवढं जाड नाही. हे तीन वर्षांचं नव्हे, मुकादम. आणि डब्यातून आलेलं तर मुळीच नाही. बाई, तुमचा अर्ज मंजुरीसाठी पाठवतो मी.”

यूनाने टाळी वाजवली. एर्मीन हसली नाही.

“काय लिहिताय?”

“खोडाचा घेर.”

“आणि मी सांगितलेलं? तेवीस वर्षं म्हणून मी तीन वेळा लिहून दिलं. तेव्हा पुरावा नव्हता. आज झुडूप बोललं, तर लगेच पटलं?”

यरवूडची लेखणी थबकली. “बाई, नियमच तसा…”

“नियम राहू द्या. कागद उलटा. माझं म्हणणं आधी लिहा, माझ्या नावानं. झुडूप त्याच्याखाली.”

त्याने कागद उलटला आणि पहिल्या ओळीत तिचे नाव लिहिले.