गोवरीवरची अळंबी

सासूबाईंचं वर्षश्राद्ध एडिनबराला करायचं ठरलं, कारण सासरे तेव्हा आमच्याकडे होते. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मंत्र सांगणार होते. बाकी सगळं यथासांग झालं पाहिजे, एवढंच सासऱ्यांचं म्हणणं. वर्षभरात ते बायकोबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. श्राद्धाबद्दल मात्र रोज बोलत.

अग्नीसाठी गोवऱ्या हव्या होत्या. ऑनलाइन मिळतात, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी नवऱ्याकरवी शहराबाहेरच्या फार्मवरून बादलीभर शेण आणवलं आणि बागेतल्या शेडच्या भिंतीवर स्वतः गोवऱ्या थापल्या. शेजारीण कुंपणावरून बघत होती. ऑर्गॅनिक आहे, असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

इथे टॉवेल वाळत नाही, गोवऱ्या काय वाळणार. थोड्याच दिवसांत त्यांच्यावर अळंबी उगवली. बारीक लांब देठ आणि वर गव्हाळ, चिकट, अर्धगोल टोपी. मी फोनवर शोधलं. गवतावर पडलेलं तिचं बी गाईच्या पोटातून जातं आणि शेणातच रुजतं. म्हणजे ती फार्मवरूनच आली होती. हे मी सासऱ्यांना घाईघाईने सांगितलं, कारण ते चिडणार याची मला खात्री होती.

ते चिडले नाहीत. स्टूल घेऊन गोवऱ्यांसमोर बसून राहिले.

"बाबा, श्राद्धाला आईंच्या आवडीचं काय करू?" मी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आधी दोनदा टाळला होता.

"हे," ते अळंबीकडे बोट दाखवत म्हणाले. "ही नको, दुकानातली आण. एकदा हॉटेलात तिला मागवायची होती. मी म्हटलं, शेणातलं खायचं का आता? पुन्हा तिने नाव काढलं नाही."

सासूबाई माझ्या ताटातल्या मश्रूमकडे नुसत्या बघत असत. मला सासऱ्यांचा राग आला.

"पण श्राद्धाला चालत नाही ना ते?"

"माहितीये मला."

गोवऱ्या शेवटी ऑनलाइनच आल्या. नवऱ्याने श्राद्ध केलं. पानावर खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि कडेला मश्रूमची भाजी. गुरुजींना दिसू नये म्हणून फोन तिरका ठेवला होता. सगळं आटोपल्यावर सासरे जेवायला बसले आणि त्यांनी आधी तीच भाजी घेतली, आयुष्यात पहिल्यांदा.

"चांगली लागते," ते म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी परत ताटात ठेवला.