दुप्पट पावडर

सोनपेठकडच्या आमच्या गावात नळाला पाणी सोडायचं काम वीस वर्सं झाली माझ्याकडंच हाय. नदीचं पाणी टाकीत चढवायचं, ब्लिचिंग पावडर कालवून टाकायची, मग नळ सोडायचे. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी गढूळ यायलं की मी पावडर दुप्पट टाकायचो. गावाचा हिशोबच तसा. वास आला तर पाणी साफ, न्हाई आला तर मी कामचुकार! कुणाकुणाच्या तोंडाला लागायचं?

तो वास माझ्या बायकोला मात्र खपायचा न्हाई. ती घागर घेऊन हापशावर जायची. एकदा पारावरचे हसले, "पाणीवाल्याचीच बायको हापशाला!" माझं डोस्कंच फिरलं. चारचौघांत तिची घागर हिसकून पालथी केली अन् म्हणलं, "आजपसून नळाचंच प्यायचं. माझी इज्जत घालवायलीस का?" तिनं रिकामी घागर उचलली अन् घरी गेली. त्या दिवसापसून नळाचंच प्यायली, नाक दाबून.

पुढं लय वर्सांनी तिला लघवीतून रक्त जायलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. पोरगी सासरी, घरात आमी दोघंच होतो, मग मी एकटाच राहिलो.

तिचं वर्सश्राद्ध झाल्यावर तालुक्याला आमा पाणीवाल्यांचं ट्रेनिंग लागलं. साहेब म्हणाले, गढूळ पाण्यात पावडर घातली की ती कुजक्या काडीकचऱ्याशी मिळून वंगाळ द्रव्यं तयार होतात. वर्सानुवर्सं पोटात गेली तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. म्हणून आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, मग मोजून पावडर टाका.

जेवायच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून साहेबाला गाठून सगळं सांगितलं. म्हणलं, "माझ्यामुळंच झालं का?"

"एका माणसाला कशानं झालं, हे कुणीच सांगू शकत नाही, मामा," ते म्हणाले. "पण पावडर बंद करू नका. कावीळ, हगवण त्याहून लवकर जीव घेते."

आता पाणी निवळू देतो, मापानंच टाकतो. गाव बोंबलायलंय, वास येईना म्हणून. बोंबलू द्या! मला घर खायला उठतं. जे इचारायला त्या साहेबामागं उपाशी पळालो, ते तिला जिती असताना एकदाबी इचारलं न्हाई, की बाई, तुला हे पाणी बाधायलंय का?