झुडपात धाडलेला जज्ज

आमचे भाऊजी, जज्ज एलिफलेट वायमन, घरात कुणालाच हरवू शकत नसत. सोंगट्यांत धाकटी लेक टॅबी त्यांना हरवायची, बोलण्यात थोरली लव्हिनिया, आणि उरलेल्या सगळ्यात माझी बहीण ऑगस्टा. मी कॉर्डेलिया, ऑगस्टाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. विचारणाऱ्याची मी चांगली खरडपट्टी काढते. पण न्यायासनावर बसले की हेच भाऊजी कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

भाऊजींची नेमणूक थेट वॉशिंग्टनहून झालेली. व्हरमाँट सोडल्यापासून ताईनं चार वेळा बिऱ्हाड हलवलं होतं. कॉटनवूडला पक्क्या विटांचं घर मिळालं, अंगणातच विहीर, तेव्हा तिनं बजावलं की आता इथून मी आडवीच निघणार. त्या घरात तिचा फार जीव होता. फरशी पुसतानासुद्धा गाणं म्हणायची, आणि आवाज कसा, तर देवा रे देवा.

मग झालं कर्नल प्रुइटचं प्रकरण. या कर्नलच्या गुरांनी एका विधवेचं ओटचं शेत तुडवलं, आणि भाऊजींनी त्याला भरपाई द्यायला लावली. प्रुइट बसायचा विधिमंडळात. आता वॉशिंग्टननं नेमलेल्या जज्जाला काढणं काही इथल्या विधिमंडळाच्या हातात नाही. पण त्याचा परगणा बदलणं आहे, आणि जज्जानं आपल्याच परगण्यात राहायचं असा नियम आहे. तेव्हा नकोशा जज्जाला द्यायचा असा परगणा, जिथं भांडायलासुद्धा माणूस नाही. सेजची करडी झुडपं, वारा आणि साप, बस्स. याला आमच्याकडे झुडपात धाडणं म्हणतात. बहुतेक जज्ज कंटाळून राजीनामा देतात, आणि तेच तर हवं असतं.

प्रुइटनं तसा कायदाच करून घेतला, आणि भाऊजींच्या वाट्याला आला अल्कली परगणा.

ताई म्हणाली, फेका ती नोकरी आणि इथंच वकिली करा. दोन दिवसांनी भाऊजी हळूच म्हणाले, मी एकटाच जातो.

"एकटे?" ताई म्हणाली. "तुम्हाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, परगणा काय सापडणार?"

तिनं रडत रडत सामान बांधलं. मध्येच मला ओरडली, की कपबश्या काय दगड आहेत का. म्हणजे जायचं नक्की झालं.

अल्कलीत आमचं घर म्हणजे टेकाडात खणलेलं बीळ. छप्पर मातीचं; बाहेर पाऊस थांबला तरी आत तासभर चिखल गळायचा. घोडागाडीच्या थांब्यावर तबेल्याला लागून एक खोली होती, तेच कोर्ट. ठरल्या दिवशी भाऊजी काळा कोट घालून बसायचे. कारकून मी, कारण दुसरं होतंच कोण? ज्याची तक्रार असेल त्यानं पुढं यावं, असं मी खणखणीत ओरडायची, आणि पलीकडची खेचरं कान हलवायची. टॅबीनं सापांना आमदारांची नावं ठेवली होती. आम्ही पोट धरून हसायचो, ताईसुद्धा. पण विटांच्या घराची आठवण तिच्या मनातून जात नव्हती. त्या घरी परत जायचं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि शरदात काय झालं! प्रुइटचीच गुरं रेल्वेकडे जाताना अल्कलीतून निघाली. वाटेत ती डंकन गेडिस नावाचा मेंढपाळ आपला म्हणायचा तो झरा पिऊन बसली, आणि त्या पठ्ठ्यानं सगळा कळप कोंडून घातला. जिथलं भांडण, तिथलं कोर्ट. करावं तसं भरावं! कर्नलला आमच्याच दारात यावं लागलं. मला तर पावावर लोणी फासताना गुदगुल्या होत होत्या.

कोर्टाच्या आधी तो स्वयंपाकघरात आला, टोपी हातात घेऊन. ताई पीठ मळत होती, मी चुलीपाशी.

"वहिनी, बर्फ पडायच्या आत गुरं सुटायला हवीत," तो म्हणाला. "आज निकाल माझ्या मनासारखा लागला, तर पुढच्या अधिवेशनात मी तो कायदा फिरवतो. तुमचं कॉटनवूडचं घर अजून रिकामं आहे."

ताई पीठ मळतच राहिली. मी तोंड उघडलं, तर पिठाच्या हातानं मला असा चिमटा काढला की बाहीवर डाग राहिला. भाऊजींनाही तिनं काही सांगितलं नाही.

कोर्टाला अख्खा परगणा आला, म्हणजे दोन बाकं भरली. गेडिस पोटतिडकीनं बोलला. प्रुइटला आज धडा मिळणार असं सगळ्यांना वाटत होतं, मला तर फारच. पण झरा होता सरकारी जमिनीवर. तिथं कुणाचंही जनावर पाणी पिऊ शकतं. भाऊजींनी निकाल दिला, गुरं सोडा.

मला इतका राग आला की दौत सांडली. गेडिस मान खाली घालून उठला. आणि तो खुळा प्रुइट आनंदानं सगळ्यांदेखत म्हणाला, "जज्जसाहेब, दिला शब्द मी पाळतो. वसंतात तुम्ही कॉटनवूडला परत!"

"कसला शब्द?" भाऊजींनी विचारलं.

गेडिसनं भाऊजींकडे पाहिलं, मग प्रुइटकडे. तेवढ्यात ताई उभी राहिली.

"कर्नल, शब्द तुम्ही मला दिलात, मी घेतला नाही," ती म्हणाली. "आता आम्ही परत गेलो, तर हे गेडिस जन्मभर म्हणतील की निकाल विकला. आम्ही इथंच राहणार."

तिला ते घर किती हवं होतं हे त्या खोलीत फक्त आम्हालाच ठाऊक होतं. माझ्या तर डोळ्यांना धारा लागल्या, आणि मी कागद चाळायचं नाटक केलं.

लोक पांगल्यावर भाऊजींनी तिचा हात धरला. माझ्यादेखत त्यांनी तो कधीच धरला नव्हता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर आपण विकले जात नाही हे दाखवायला तुम्ही त्याला मुद्दाम हरवलं असतं."

भाऊजींनी अंगातला काळा कोट काढला.

"हो," ते म्हणाले. "हरवलं असतं."