कारणाचा रकाना

आम्हा बँकेतल्या बदलीवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: 'पाल्याच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून सध्याच्याच ठिकाणी मुदतवाढ मिळावी.' वरिष्ठ त्यावर फारसं विचारत नाहीत. मुलीची दहावीची परीक्षा चालू होती तेव्हा मीही ते लिहिलं, एस्प्लनेडच्या कचेरीत, जेवणाच्या सुटीत. नाशिकची बदली हातात आली होती. ती परत पाठवली आणि बालीगंजच्या घरी येऊन सांगितलं, "यंदाही सोडत नाहीत."

"बँकेत तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाहीच का हो?" बायको म्हणाली.

मुलगी हसली. "बाबा म्हणजे हावडा ब्रिज. हलवला तर कोलकाता बंद."

खरं कारण नाशिकला होतं. आई अंथरुणाला खिळली होती. धाकटा भाऊ आणि त्याची बायको तिचं सगळं करत होते. आम्ही तिथे गेलो असतो तर तिला आमच्याकडे आणणं भाग होतं. आदल्या दिवाळीत तिला कुशीवर वळवताना मला तो वास सहन झाला नाही. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत भावजय एकटीच चादर बदलत होती. ते रोज करायची माझी तयारी नव्हती. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. भावाला फोन केला तेव्हा तोच म्हणाला, "दादा, तू पोरीचं बघ आधी. आईचं आम्ही बघतोय ना." मी नुसतं "हं" म्हटलं.

मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतरच्या परीक्षेत देशभराच्या यादीत ती थोडक्यात हुकली. इथल्या राज्याच्या जागांसाठी कागद घेऊन गेलो, तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कितने साल से हैं?"

"आठ."

"दस चाहिए, दादा," तो म्हणाला आणि फाइल हळूच माझ्याकडे सरकवली.

उरला महाराष्ट्र. तिथे दहावी बाहेर झालेली चालली असती, बदली होऊन परतणाऱ्यांना तेवढी सवलत होती. बारावी मात्र तिथलीच हवी होती. म्हणजे तिच्या दहावीच्या वर्षी मी बदली घेतली असती तर तिचं नाव त्या यादीत बसलं असतं. नियम तिनं स्वतःच वाचले, लॅपटॉप मिटला आणि मलाच समजावलं, "जाऊ दे बाबा. त्यांनी सोडलं नाही, त्यात तुझी काय चूक?"

आता ती इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई गेल्या थंडीत गेली. आणि या आठवड्यात पुन्हा नाशिकची बदली आली.

या वेळी मुलीचं शिक्षण खरोखरच अर्धवट आहे. मुदतवाढीचा अर्ज काढला, पण ते वाक्य लिहायला हात उठेना. म्हणून काल संध्याकाळी जुन्या अर्जाची प्रत तिच्यापुढे ठेवली आणि आईच्या खोलीपासून सगळं सांगितलं. ती मराठी सावकाश वाचते, पण हा अर्ज इंग्रजीत होता, पाल्य म्हणून तिच्या नावासकट. वाचायला वेळ लागला नाही.

"हे माझं नाव आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि आजी?"



स्वयंपाकघरात बायकोनं गॅस बंद केला. तिनं सगळं ऐकलं होतं. बाहेर मात्र आली नाही.

"आता पुन्हा माझं नाव लिहू नकोस," मुलगी म्हणाली. "तुला राहायचं असेल तर तुझ्यासाठी राहा. जायचं तर जा, मी हॉस्टेल बघेन."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं प्रत घडी करून आपल्या पुस्तकात ठेवली.

नाशिकला गेलो तर तिला इथे एकटी टाकून जाणार. राहिलो तर कशासाठी, ते लिहावं लागेल. अर्ज सोमवारी द्यायचा आहे. नाव, हुद्दा, शाखा, सगळं भरून झालंय. कारणाच्या रकान्यात मी 'मी' एवढंच लिहिलंय. पुढचं सुचत नाही.